सात वृंद आणि एक ओवी

१६६३ हे साल मराठी माणसाला शाहिस्तेखानाच्या बोटांमुळे पाठ असते. त्या वर्षी एप्रिलमध्ये शिवाजी महाराज लाल महालात शिरले. त्याच वर्षी मांडवीकाठच्या जुन्या गोव्यात एक इटालियन पाद्री चर्चमध्ये बसून गाणे ऐकत होता. जुझेप्पे दी सांता मारिया हे त्याचे नाव. कार्मेलाइट संघाचा, पोपने मलबारात धाडलेला बिशप. वर्षाच्या आरंभीच डचांनी कोची जिंकली, तेव्हा त्याला तिथून निघावे लागले आणि तो गोव्यास आला. बॉम जेझूच्या चर्चमध्ये जेझुइटांचा सण होता. गायकांचे सात निरनिराळे वृंद होते आणि त्यांच्या साथीला वाद्ये. आपण रोममध्येच बसलो आहोत असे वाटले, असे त्याने आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवले आहे. रचना कोणाची म्हणून त्याने विचारले. कारिस्सिमीची, असे उत्तर मिळाले.

जाकोमो कारिस्सिमी तेव्हा रोममध्ये हयात होता. युरोपीय संगीतात साधारण १६०० ते १७५० या काळाला बरोक म्हणतात. त्या काळातल्या धार्मिक संगीतनाट्याचा, ज्याला ओरातोरिओ म्हणतात त्याचा, हा एक आद्य रचनाकार. १६२९पासून तो रोममधल्या जेझुइटांच्या जर्मन कॉलेजात संगीतप्रमुख होता. त्याच्या रचना फारशा छापल्या गेल्या नव्हत्या, त्या हस्तलिखितांतून फिरत. शार्पांतिए नावाचा फ्रेंच तरुण साठच्या दशकात त्याच्याजवळ राहून शिकला आणि ती शैली पॅरिसला घेऊन गेला. त्याच सुमारास ती जेझुइटांच्या जहाजांतून गोव्यात उतरली असेल, तर त्यात नवल काही नाही. रोमचे कॉलेज आणि बॉम जेझू ही एकाच संस्थेची दोन घरे. आता, पाद्रीबुवांना मिळालेले उत्तर ही यजमानांची थोडी फुशारकी असेल असेही कोणी म्हणेल. समजा असेल. तरी फुशारकी मारताना ओठांवर कारिस्सिमीचे नाव यावे, ही गोष्ट मला त्या सात वृंदांइतकीच महत्त्वाची वाटते.

मात्र त्याच प्रवाशाची दुसरी नोंद मला याहून मोलाची वाटते. तो म्हणतो की इथले कानारीं, म्हणजे स्थानिक लोक, इतके संगीतप्रेमी आहेत आणि इतक्या सहजपणे गातात-वाजवतात की विश्वास बसू नये. ख्रिस्ती वस्तीचे एकही गाव असे नाही, जिथल्या चर्चमध्ये ऑर्गन, हार्प आणि व्हायोल नाही आणि गाणाऱ्यांचा चांगला संच नाही. राजधानीतला थाट एक वेळ पैशाने उभा करता येतो. गावोगावचा गाणारा संच उभा राहायला दोन-तीन पिढ्या लागतात.

मी रत्नागिरीचा, आणि शिकलो-शिकवले ते मराठी. पाश्चात्त्य संगीताचा माझा परिचय हौशी माणसाचा. गोव्याच्या चर्चसंगीताकडे मी वळलो तो फादर स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या वाटेने. ‘ख्रिस्तपुराण’ आपण वाङ्मयेतिहासाच्या पुस्तकात वाचतो: १६१६, रायतूर, इंग्रज जेझुइट, अकरा हजारांच्या आसपास ओव्या, मराठीची स्तुती. त्या स्तुतीच्या दोन ओव्या प्रत्येक २७ फेब्रुवारीला कुठल्या ना कुठल्या व्यासपीठावर ऐकू येतात. मागचे-पुढचे पुराण कोणी उघडत नाही. उघडले तरी पुस्तक म्हणून. ते कुणी तरी मोठ्याने म्हणत होते आणि कुणी तरी ऐकत होते, ही साधी बाब आपल्या हिशेबात येत नाही. सात वृंदांची ती नोंद वाचली तेव्हा मला पहिला प्रश्न पडला तो हा, की ज्या पोरांच्या गळ्यात हे लॅटिन संगीत बसवले जात होते, त्यांच्याच कानांवर मराठी ओवी पडत होती ना? मग या दोघींचे आपसात काय झाले?

त्यासाठी आधी पोरे कुठे शिकत ते पाहायला हवे. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून गोव्यात चर्चला जोडून गावशाळा सुरू झाल्या. तिथला शिक्षक तो मेस्त. तो प्रश्नोत्तरी शिकवी, रोमी अक्षरे शिकवी आणि गाणे शिकवी. गाणे म्हणजे सोल्फेज: दो-रे-मी-फा नावाने स्वर म्हणायचे, हाताने ताल द्यायचा, मग कागदावर मांडलेले स्वर पाहून थेट गायचे. ज्याचा गळा चालेना त्याच्या हाती व्हायोलिन. आपल्याकडे मूल सा-रे-ग-म ऐकून उचलते, तिथे ते वाचून उचलू लागले. एकाच वेळी चार जणांनी चार निरनिराळ्या ओळी गायच्या असतील तर कागद लागतोच. सात वृंदांचे गाणे म्हणजे निदान पंचवीस-तीस गायक, वेगवेगळ्या सज्ज्यांत आणि कोपऱ्यांत विभागून उभे. एका वृंदाने शब्द टाकायचा, समोरच्याने तो झेलायचा, मग सगळ्यांनी एकदम उठावणी करायची. कोणाची एक मात्रा घसरली की सगळा डोलारा कोसळणार. हे ज्या गावांतल्या पोरांनी पेलले, त्या गावांत शंभर वर्षांपूर्वी देवळे होती.

आणि इथे पैशाची गोष्ट येते, ती टाळून पुढे जाता येणार नाही. १५४०नंतर तिसवाडीतली, पुढे बारदेश आणि साष्टीतली देवळे पाडली गेली. देवळांना लावून दिलेल्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे आणि सेंट पॉल कॉलेजाकडे वळवले गेले. पूर्वी त्या उत्पन्नातून पुजारी, वाजंत्री आणि कलावंतिणी पोसल्या जात. देव नदी ओलांडून अंत्रुज महालात गेले. कुशस्थळीचा मंगेश मंगेशीला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. त्यांच्यामागे त्यांची सेवा करणारी घराणीही गेली. म्हणजे जुवारी नदीच्या एका तीरावर मेस्त दो-रे-मी शिकवत होता आणि दुसऱ्या तीरावर विस्थापित देवापुढे जुने गाणे चालू राहिले होते. दुसऱ्या तीरावरच्या गाण्याचे पुढे काय झाले ते मराठी रसिकाला सांगायला नको; मंगेशीचे दीनानाथ आणि केरीच्या केसरबाई ही नावे पुरेत. पहिल्या तीरावरच्या गाण्याला मात्र आपण अजून परके समजतो. ते आले बाहेरून हे खरे, पण त्याचे शुल्क इथल्या मातीतून भरले गेले, आणि गाणारे गळेही इथलेच होते.

थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरला आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे १६१९पर्यंत, बहुतेक काळ साष्टीत राहिला. १५८३ साली कुंकळ्ळीत गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना मारले, तेव्हा त्यांची प्रेते ताब्यात घ्यायला गेलेल्यांत तो होता. देवळे पाडली गेल्याचा राग आणि नव्या धर्माचा अंमल, या दोहोंच्या मधल्या जागेत तो चाळीस वर्षे वावरला. नवख्रिस्ती लोकांनी त्याला विचारले की आमची जुनी पुराणे तुम्ही काढून घेतलीत, आता त्यांच्या जागी आम्ही काय ऐकायचे? पुराणाच्या आरंभी एक ब्राह्मण ही मागणी करतो असा प्रसंगच त्याने घातला आहे. ती मागणी ऐकण्यासाठीच्या ग्रंथाची होती, वाचण्यासाठीच्या नव्हे, हे लक्षात घेतले पाहिजे. त्याने जे दिले ते ओवीबद्ध होते: तीन चरणांना यमक, चौथा आखूड आणि मोकळा. भागांना त्याने अध्याय म्हटले नाही, ‘अवस्वरु’ म्हटले. आणि ही ओवी रविवारी, सणावारी चर्चमध्ये जमलेल्या लोकांपुढे म्हटली जाई.

कशी म्हटली जाई? स्वरलिपीत कोणी ती उतरवून ठेवली नाही, मेस्तच्या वहीत फक्त लॅटिनला जागा होती. पण कोकणात वाढलेल्या माणसाला याची कल्पना करायला फार कष्ट पडू नयेत. आमच्याकडे श्रावणात पोथी लावत. श्रीधरस्वामींचा ‘हरिविजय’ किंवा ‘पांडवप्रताप’. वाचणारी बहुधा घरातली थोरली बाई किंवा शेजारचे एखादे काका. ती चाल म्हणजे गाणे नव्हे आणि बोलणेही नव्हे. दोन-तीन स्वरांवर पहिले तीन चरण वाहत येतात आणि चौथ्याला आवाज खाली बसतो. ऐकणारे तिथे ‘हं’ म्हणतात. पायरीवर बसलेल्या माणसालाही शब्द न् शब्द कळतो. पाश्चात्त्य संगीताशी तुलना करायची तर ही पद्धत सात वृंदांच्या पार उलट टोकाची आहे. तिथे एकच शब्द सात कोपऱ्यांतून सात वेळा उजळून निघतो आणि वाक्याचा धागा मात्र हरवतो.

पण गंमत अशी की, नेमक्या त्याच काळात इटलीतले रचनाकारही या टोकाकडे सरकत होते. १६००च्या आसपास फ्लॉरेन्समध्ये एकट्या गायकाने बोलल्यासारखे गायचे, खाली एखादे तंतुवाद्य किंवा ऑर्गन नुसता आधार देत राहायचा, अशी रीत निघाली. शब्द आधी, स्वर मागून. माँतेवेर्दीचा ‘ओर्फेओ’ १६०७चा. त्यानंतर नऊ वर्षांनी ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा रोमचा सरदार १६२३मध्ये चौलमार्गे गोव्यात आला आणि पुढच्या वर्षाच्या अखेरपर्यंत इथे राहिला. आपल्याकडे त्याची पत्रे इक्केरीच्या दरबाराच्या वर्णनासाठी वाचली जातात. पण तो संगीतातला जाणता होता; मायदेशी परतल्यावर त्याने एक ओरातोरिओ रचला आणि आपल्या काळच्या संगीताची बाजू घेणारा निबंधही लिहिला. नव्या संगीताचा असा जाणकार साष्टीपासून काही कोसांवर राहत होता आणि तिथल्या चर्चमध्ये ओवी म्हटली जात होती.

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात ख्रिस्ताच्या दुःखभोगाची कथा सांगायची, ही चाल चर्चमध्ये फार जुनी. बरोक काळाने तिला मोठे रूप दिले. बाखचे ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ लाइपझिगला १७२७च्या गुड फ्रायडेला झाले असे मानतात. त्याची घडण आपल्या कीर्तनकाराला समजावून सांगायला पाच मिनिटेही लागणार नाहीत. एक गायक शुभवर्तमानकार म्हणून उभा राहतो आणि कथा जवळजवळ बोलत सांगतो. मध्येच कथा थांबते, कोणी तरी एकट्याने आपले मन मोकळे करतो. जमाव ओरडतो तेव्हा सगळा वृंद जमाव होतो. आणि अधूनमधून सर्वांच्या ओळखीचे साधे भजन येते, जे ऐकताना बसलेल्या माणसाला आपणही त्या कथेत आहोत असे वाटते. निरूपण, अभंग, टाळकऱ्यांचा गजर. फरक सुरांच्या मांडणीचा.

साष्टीच्या चर्चमध्ये या घडणीचे दोन्ही भाग हजर होते असे माझे मत आहे. कथा सांगणारी ओवी होती, जमाव होणारा वृंद होता. दोन्ही एकाच मेस्तच्या हाताखाली तयार झालेल्या माणसांच्या तोंडी होते. ‘ख्रिस्तपुराण’ रोमी लिपीत छापले गेले याची आपण नेहमी खंत करतो. स्टीफन्सलाही ती होती, देवनागरी खिळे पाडून द्यावेत म्हणून १६०८ साली त्याने रोमला पत्र लिहिले होते. पण गावशाळेतल्या पोराच्या बाजूने पाहिले तर चित्र वेगळे दिसते. ज्या अक्षरांनी तो लॅटिन स्तोत्र गात होता, त्याच अक्षरांनी त्याच्यापुढे मराठी ओवी आली. एकाच बाकावर दोन्ही वाचता येत होती. दोन्ही एकत्र येऊन मराठीतले एखादे पॅशन उभे राहणे अशक्य नव्हते. ते राहिले नाही, आणि त्याची कारणे संगीतात सापडत नाहीत.

१६८३च्या डिसेंबरात संभाजीराजे साष्टी-बारदेशात शिरले. व्हाइसरॉय आल्व्होरचा काउंट इतका हवालदिल झाला की, सेंट झेवियरची शवपेटी उघडून त्याने आपला राजदंड संताच्या हाती सोपवला, ही कथा प्रसिद्ध आहे. मराठी फौजा परतल्या. सहा महिन्यांत, जून १६८४मध्ये, त्याच व्हाइसरॉयने हुकूम काढला: स्थानिकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. ‘ख्रिस्तपुराणा’ची तिसरी आवृत्ती १६५४ची, त्यानंतर अडीचशे वर्षे ते पुन्हा छापले गेले नाही. पहिल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज सापडत नाही. आणि १७३६ साली इन्क्विझिशनचा तो लांबलचक फतवा आला, ज्याचा मजकूर अ. का. प्रियोळकरांनी आपल्यापुढे ठेवला आहे. तुळस लावू नये, धोतर नेसू नये, भातात मीठ शिजल्यावर घालू नये. आणि लग्नात एतद्देशीय वाद्ये वाजवू नयेत, ‘व्होव्ह्यो’ म्हणू नयेत. व्होव्ह्यो म्हणजे ओव्या. बायकांच्या, लग्नघरातल्या. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ज्या छंदात ख्रिस्ताला क्रुसावर दिले गेले, तो छंदच आता संशयित ठरला. ग्रंथ जाळला तर एखादी प्रत कुठे तरी उरते. बायकांनी गायचे थांबवले तर चाल मागे राहत नाही.

तरी ओवी अगदी मेली नाही. ती गोव्याबाहेर पळाली, जशी पूर्वी देवळे पळाली होती. मंगळूरकडे स्थलांतरित झालेल्या ख्रिस्ती घरांतून ‘ख्रिस्तपुराणा’ची हस्तलिखिते जपली गेली, आणि उपवासकाळात ते घरी म्हटले जाई. टिपूने तिथल्या ख्रिस्त्यांना श्रीरंगपट्टणला नेऊन डांबले, त्या दिवसांतही पुराण म्हटले जाई अशी आठवण त्या समाजात सांगतात. त्या हस्तलिखितांवरून जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूरला ग्रंथ पुन्हा छापला. देवनागरीत तो यायला १९५६ उजाडले. शांताराम बंडेलूंनी तो पुण्यात काढला. म्हणजे महाराष्ट्राच्या हाती तो आला तो अक्षर होऊन. उत्तरेला वसई-मुंबईकडे दुसरे एक पुराण गायले जाई, फ्रान्सिस्को वाझ द गिमाराइशचे, १६५९चे. ते केवळ दुःखभोगाचे पुराण होते, भाषा स्टीफन्सपेक्षा पुष्कळ रांगडी. वाङ्मयेतिहासकारांनी त्याला तळटीपेत बसवले आहे, पण लोकांनी ते एकोणिसाव्या शतकातही मुंबईत पुन्हा छापून घेतले. रांगड्या पोथीचे नशीब कधी कधी असे असते.

वसईवरून आठवले. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि तिथल्या चर्चच्या घंटा देशावरच्या देवळांत गेल्या; भीमाशंकरला, नाशिकच्या नारोशंकराला त्या आजही पाहता येतात. ख्रिस्ती प्रथेप्रमाणे पवित्र गुरुवारी ‘ग्लोरिया’ म्हणताना घंटा वाजतात आणि मग गप्प होतात, त्या थेट ईस्टरच्या रात्री ‘ग्लोरिया’लाच पुन्हा घणघणतात. मधल्या दिवसांत गोव्यात लाकडी मात्राक खडखडवतात. देवळात गेल्यापासून त्या घंटांना अशी सुट्टी नाही.

लॅटिन गाण्याचे नशीब वेगळे निघाले. त्याच्या भाषेवर कोणी बंदी घातली नाही. १७५९ साली पोर्तुगालने जेझुइटांना हाकलले, राजधानी ओस पडली, सात वृंदांचा थाट संपला. गावचा मेस्त मात्र टिकला. त्याच्या वहीत उपवासकाळातली मोटेट उतरत राहिली. दुःखभोगाच्या रविवारी संध्याकाळी खांद्यावर क्रूस घेतलेल्या ख्रिस्ताची मूर्ती मिरवणुकीने निघते, प्रवचन होते, आणि मोटेट गायले जाते. दोन किंवा तीन आवाज, बरेचदा एकमेकांपासून गंधाराच्या अंतराने चालणारे. साथीला व्हायोलिने, क्लॅरिनेट, आणि खाली खर्जात रबेकांव, म्हणजे उभ्याने वाजवायचे मोठे तंतुवाद्य. गुड फ्रायडेला व्हेरोनिका होणारी मुलगी ख्रिस्ताचा चेहरा उमटलेले वस्त्र हळूहळू उलगडत एकटीच लॅटिन विलाप गाते.

साष्टीतल्या एका गावी मी हे दोनदा ऐकले. रचनाकाराचे नाव वहीवर नव्हते. बहुतेक ठिकाणी नसतेच. या रचना कारिस्सिमीच्या काळातल्या नव्हेत. आज गायली जाणारी बरीचशी मोटेट एकोणिसाव्या शतकातली, इटालियन ऑपेरा कानांवरून गेलेल्या गोवेकर मेस्तांनी आणि पाद्र्यांनी रचलेली. त्यांना बरोक म्हणणे सैल होईल. पण खाली सतत चालणारा खर्ज आणि वर दोन आवाजांनी एकमेकांना धरून उतरत जाणे, ही सवय जुन्या घरातली आहे. वाजवणाऱ्यांत एक निवृत्त बोटीवरचे व्हायोलिनवादक होते. वही उघडी होती, पण त्यांनी तिच्याकडे पाहिले नाही.

याच गावशाळांतून निघालेली पोरे पुढे मुंबईच्या बँडांत, बोटींवर आणि १९३५ साली मेहली मेहतांनी उभ्या केलेल्या बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रात गेली. तिथून चित्रपटांच्या स्टुडिओंत. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. हिंदी गाण्यात मुखड्याच्या मागे व्हायोलिनांचा ताफा जो दुसरी ओळ धरून चालतो, तिचे मूळ शोधत गेले तर मेस्तच्या वहीपाशी पोचता येते. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे, आणि त्यावर चांगले लिहिलेही गेले आहे.

आता माझ्या जिल्ह्याकडे येतो. १९८१पर्यंत रत्नागिरी जिल्हा गोव्याच्या हद्दीला भिडलेला होता. वेंगुर्ले, सावंतवाडी आमच्यातच. तिथे गोव्याहून आलेली ख्रिस्ती वस्ती जुनी, आणि गोव्याचे चर्चसंगीत तिच्यासोबत आले. पण ओवीची गोष्ट जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, दापोलीच्या बाजूला, पुन्हा उगवली. करजगाव इथे १८६१ साली नारायण वामन टिळकांचा जन्म झाला. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले. पंथ प्रॉटेस्टंट, मिशन अमेरिकन, गाव अहमदनगर. रायतूरशी काडीचा संबंध नाही. तिथल्या उपासनेत काय चालले होते? इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरे इंग्रजी चालींवर. मराठी शब्दाचे वजन एकीकडे आणि सुराचा आघात दुसरीकडे. टिळकांना हे सहन होईना. त्यांनी अभंग, भजने, पदे लिहिली, टाळ-मृदंगाच्या कीर्तनाला उपासनेत जागा मागितली. त्यांच्याआधी नगरलाच कृष्णराव सांगळे ख्रिस्ती कीर्तन करू लागले होते. मराठी ‘उपासना-संगीता’त आज टिळकांची पदे शेकड्यांनी आहेत आणि गुड फ्रायडेला ती गायली जातात, पेटीवर.

१९०९च्या सुमारास टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हाती घेतले. पुन्हा ओवी, पुन्हा ख्रिस्ताचे सबंध चरित्र. सालढाण्यांची मंगळूर आवृत्ती दोनच वर्षांपूर्वीची. या दोन तारखांत धागा बांधायचा मोह मी आवरतो. मराठीत कोणी थोरली कथा सांगायला बसला की ओवी हाताशी येते, त्याला कोणाची प्रत पाहावी लागत नाही. मला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. १९१९ साली टिळक गेले तेव्हा दहा-अकरा अध्याय झाले होते. पुढचे चौसष्ट लक्ष्मीबाईंनी लिहिले. म्हणजे अटक, पिलाताचा वाडा, क्रूस, रिकामी कबर हा सगळा भाग त्यांचा.

लक्ष्मीबाईंना अक्षरओळख लग्नानंतर झाली, तीही अर्धीमुर्धी. जोडाक्षरांशी त्यांचे किती वाकडे होते ते ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. छंदशास्त्र त्या शिकल्या नव्हत्या. ओवी त्यांच्यापाशी होती ती आजी-आत्यांच्या तोंडून, जात्यापाशी आणि लग्नघरात ऐकलेली. १७३६च्या फतव्यात जिला नाव घेऊन मनाई केली होती, ती हीच. १९३६ साली लक्ष्मीबाई वारल्या. १९३८मध्ये ‘ख्रिस्तायन’ प्रसिद्ध झाले.